घरात पाच तऱ्हेचे कॉम्प्युटर, वाय-फाय एकच: नेटवर्क पक्कं कसं करायचं

सोलापुरात फायबरचं नवं कनेक्शन साधारण असं येतं: माणूस खांबावरून वायर ओढतो, भिंतीवर पांढरा डबा (वाय-फाय देणारा ऑपरेटरचा राउटर) ठोकतो, तुमचा मोबाइल नंबर विचारतो, तोच वाय-फायचा पासवर्ड म्हणून टाकतो आणि पुढच्या घरी जातो. मग त्या एका डब्यावर हळूहळू सगळं चढतं. ऑफिसचा विंडोज ११ लॅपटॉप, मुलीचं मॅकबुक, इंजिनिअरिंगला लागतो म्हणून उबुंटू टाकलेला कॉम्प्युटर, यंत्रमागांच्या पूर्व भागात राहत असाल तर खाली कारखान्यातला हिशेबाच्या टॅलीचा विंडोज ७, शिवाय टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर.

प्रत्येक यंत्राची मागणी वेगळी असते, आणि गडबड तिथेच होते. एखादा जुना प्रिंटर जोडला जात नाही, म्हणून कोणीतरी अख्ख्या घराची सुरक्षा दोन पायऱ्या खाली आणून ठेवतं. ते करायचं नाही. अडणाऱ्या यंत्राला वेगळं काढायचं. पुढची सगळी कामं याच हिशेबाने लावली आहेत.

आणि हे नुसतं शेजाऱ्याने फुकट नेट वापरण्यापुरतं नाही. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं, आणि तिथे राहणाऱ्याला तपासाला तोंड द्यावं लागलं. तुमच्या कनेक्शनवरून जे जातं त्याचा माग आधी तुमच्या दारात येतो.

आधी हे जवळ घ्या

- डब्याच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा फोटो: मॉडेल, सीरियल नंबर, मूळ पासवर्ड
- इंटरनेट देणाऱ्याकडून मिळालेला ग्राहक क्रमांक, आणि पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन चालू होणारं कनेक्शन) असेल तर त्याचं युजरनेम व पासवर्ड
- एक-दोन मीटरची लॅन केबल. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्याला यूएसबीचा जोड लागतो
- वही आणि पेन. पासवर्ड फोनमध्ये ठेवला आणि तोच फोन नेटवरून सुटला, तर पंचाईत
- दोन-अडीच तास, आणि तेवढ्या वेळात कोणाची ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग नाही याची खात्री

पीपीपीओईची माहिती हातात येईपर्यंत डब्यामागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण दाबू नका. ते दाबलं की वाय-फायच्या पासवर्डाबरोबर कनेक्शनची सगळी मांडणीही पुसली जाते. मग ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत घरचं नेट बंद, आणि तो दिवस नेमका रविवार असतो.

१. यादी करा

घरातलं प्रत्येक यंत्र लिहा आणि तीन गोष्टी नोंदवा: त्यात कोणतं विंडोज, मॅकओएस किंवा अँड्रॉइड आहे, त्याला अजून अपडेट मिळतात का, आणि ते वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतं की ५ वरही.

डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत २०१८ मध्ये आली. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून, मॅकओएस कॅटालिनापासून, आयओएस १३ पासून आणि अँड्रॉइड १० पासून ती चालते. पण सिस्टिम नवी असून भागत नाही. आतलं वाय-फाय कार्ड आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही तयार लागतो. ब्रॉडकॉम कंपनीचं जुनं कार्ड असलेल्या लिनक्स लॅपटॉपवर हेच अडतं.

त्याआधीचं डब्ल्यूपीए२, एईएस या भक्कम सांकेतिक पद्धतीसह, मात्र विंडोज ७ ला उत्तम जमतं, सर्व्हिस पॅक ३ असलेल्या विंडोज एक्सपीलाही जमतं. त्यामुळे “जुना कॉम्प्युटर आहे, म्हणून सुरक्षा कमी ठेवली” असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. विंडोज ७ ची अडचण वेगळी आहे. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, एक्सपीचे तर एप्रिल २०१४ लाच. विंडोज १० चेही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीच्या योजनेत नाव घातलं असेल, तर घरच्या वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. यादीत अशा यंत्रांपुढे फुली मारा. सहाव्या पायरीत ती लागणार आहे.

२. डब्याच्या आत शिरा, पण केबलने

वाय-फायवरून सेटिंग बदलायला बसलात तर पासवर्ड बदलताक्षणी तुम्हीच बाहेर फेकले जाल. केबल लावा.

डब्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्याचा १९२.१६८.२९.१. नक्की पाहायचं तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या आणि ‘डीफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा घ्या. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या नेटवर्कमध्ये चालू जोडणीच्या ‘डिटेल्स’खाली टीसीपी-आयपीत ‘राउटर’ म्हणून तो दिसतो. उबुंटूत नेटवर्कच्या नावापुढच्या चाकावर टिचकी मारली की ‘डीफॉल्ट रूट’. हा आकडा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकायचा, गूगलच्या शोधपट्टीत नाही. ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणून कुरकुर करेल. घरातल्याच डब्याशी बोलताना ते चालतं.

बरेच ऑपरेटर ग्राहकाला ‘युजर’ नावाचा अर्धवट प्रवेश देतात. त्यात पासवर्ड बदलता येतो, पण डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) किंवा दुरून नियंत्रणाची सेटिंग दिसतच नाहीत. अशा वेळी दोन मार्ग: ऑपरेटरला फोन करून ती बंद करायला सांगा, किंवा त्या डब्याचं वाय-फाय पूर्ण बंद करून स्वतःचा राउटर लावा. आमचं मत दुसऱ्या बाजूने. डब्ल्यूपीए३ असलेला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींचा) राउटर साधारण अडीच ते चार हजारांत मिळतो, आणि पुढची अर्धी डोकेदुखी त्यात मिटते.

३. ॲडमिनचा पासवर्ड आणि फर्मवेअर

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि डब्याच्या सेटिंगचा वेगळा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा ‘ॲडमिन-ॲडमिन’च राहतो. आधी तो बदला.

मग फर्मवेअर, म्हणजे राउटरचा आतला प्रोग्राम. स्वतःचा राउटर असेल तर त्याच्याच मेनूतून अपडेट घ्या. कुठल्यातरी साइटवरून फाइल उतरवू नका. हे चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बसू शकतो. म्हणून इन्व्हर्टरवर असतानाच करा. ऑपरेटरच्या डब्याचं फर्मवेअर तोच बदलतो, त्यात हात घालू नका.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. काही फायबरच्या डब्यांत ‘अप्लाय’ दाबल्यावर बदल तात्पुरताच लागतो. तो कायम करायला ‘कमिट अँड रीबूट’ असं वेगळं पान असतं. ते राहिलं की पुढच्या वेळी वीज जाऊन आल्यावर जुना पासवर्ड परत येतो आणि लोक म्हणतात, “हॅक झालं!”

४. नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नाव बदला. त्यात आडनाव, फ्लॅट नंबर किंवा राउटरचं मॉडेल नको. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्डापासून किल्ली तयार होताना नेटवर्कचं नावही त्यात मिसळलं जातं. सगळीकडे सापडणारं कंपनीचं नाव तसंच ठेवलं, तर त्या नावासाठी आधीच करून ठेवलेले किल्ल्यांचे तक्ते चोराच्या कामी येतात. नाव देवनागरीत देता येतं, पण त्याला जागा ३२ बाइटची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे मात्रा-अनुस्वार धरून दहा चिन्हं. वर जुन्या प्रिंटरच्या पडद्यावर त्याच्या जागी चौकोन दिसतात. इंग्रजी अक्षरंच बरी.

सुरक्षेचा प्रकार निवडताना यादी अशी वाचा:

- उघडं किंवा डब्ल्यूईपी: कधीच नाही. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत २००१ मध्येच फुटली.
- डब्ल्यूपीए-डब्ल्यूपीए२ मिश्र, टीकेआयपी अधिक एईएस: हेही नको. ‘सगळं चालतं’ म्हणून माणसं हेच निवडतात. टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतीवर जोडलेल्या यंत्राचा वेग ५४ एमबीपीएसवर अडतो. आणि घरातल्या सगळ्यांना एकदम जाणारे संदेश नव्या यंत्रांसाठीही त्याच कमकुवत पद्धतीने जातात.
- डब्ल्यूपीए२, फक्त एईएस: चालेल.
- डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र: घरात नवं-जुनं एकत्र असेल तर मुख्य नेटवर्कला हे.
- फक्त डब्ल्यूपीए३: सगळी यंत्रं नवी असतील तरच.

‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ किंवा पीएमएफ (यंत्र जोडण्या-तोडण्याच्या संदेशांचं संरक्षण) असा पर्याय दिसला तर तो ‘कॅपेबल’वर ठेवा. ‘रिक्वायर्ड’ केला की जुने फोन आणि टीव्ही मुकाट्याने गळतात, आणि कारण सापडता सापडत नाही.

आता पासवर्ड. मोबाइल नंबर का नको? भारतातला नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, म्हणजे फार तर चारशे कोटी शक्यता. तुमचा फोन राउटरला जोडला जात असताना हवेतली देवाणघेवाण कोणी टिपून ठेवली, की घरी बसून चांगल्या ग्राफिक्स कार्डावर एवढ्या शक्यता काही तासांत तपासून होतात. तुमच्या दाराशी पुन्हा यायचीही गरज नाही. गावाचं किंवा ग्रामदैवताचं नाव आणि पुढे १२३ हे तर त्याआधीच तपासलं जातं.

लांबी ८ ते ६३ अक्षरं चालते. तुम्ही वीसच्या पुढे जा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ: हुरडा-सायकल-पत्रा-कात्री-मंगळवार, अशा धाटणीचे. हेच उचलू नका, छापलेलं झालं. पासवर्डात देवनागरी चालत नाही. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटने टाकायचं आहे हे लक्षात ठेवून मोठी-छोटी अक्षरं फार मिसळू नका. लांबीतूनच बळ येतं.

नेटवर्कचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका. साध्या फुकट साधनालाही ते दिसतं, आणि उलट तुमचे फोन बाहेर फिरताना त्या नावाने हाका मारत राहतात. ‘मॅक फिल्टर’, म्हणजे यंत्राच्या वाय-फाय कार्डाचा क्रमांक (मॅक पत्ता) पाहूनच आत घेणं, हाही उपाय असाच दिखाऊ. त्यातून आताचे अँड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता दाखवतात, म्हणजे तो लावून तुम्ही घरच्यांनाच बाहेर ठेवाल.

५. बंद करायच्या गोष्टी

डब्ल्यूपीएस पहिलं. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. म्हणून दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली, तरी अजून कित्येक डब्यांत डब्ल्यूपीएस चालूच येतं. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी हे मागचं दार उघडं.

मग बाहेरून नियंत्रण करू देणारं ‘रिमोट मॅनेजमेंट’. आणि यंत्रांना राउटरमधून आपोआप वाट उघडू देणारं यूपीएनपी. ते बंद केल्यावर एखाद्या गेमला त्रास झाला तर तेव्हा बघू. पण चालू असलं की डीव्हीआर न विचारता बाहेरच्या जगाला दार उघडून देतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते मुख्यतः कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच असल्यामुळे. डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला, आणि कॅमेरे बसवणाऱ्याकडे तो ठेवू नका.

६. फुली मारलेल्या यंत्रांसाठी वेगळी वाट

साधा मार्ग: राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या, ‘स्थानिक नेटवर्क पाहू द्या’ अशा अर्थाची खूण काढून टाका. टीव्ही, स्मार्ट बल्ब, पाहुण्यांचे फोन, भाडेकरू तिथे. गेस्टला २.४ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ एईएस ठेवलं की जुनी यंत्रंही येतात आणि मुख्य नेटवर्क हलत नाही.

पण गेस्टचा आडोसा बहुधा वाय-फायपुरताच असतो. केबलने जोडलेला विंडोज ७ किंवा डीव्हीआर मुख्य नेटवर्कातच राहतो. घर वर आणि कारखाना किंवा दुकान खाली असेल तर ऑपरेटरचा डबा आणि स्वतःचा राउटर असे दोन्ही वापरून मांडणी करा:

- ऑपरेटरच्या डब्याच्या लॅनमध्ये: टॅलीचा जुना कॉम्प्युटर, डीव्हीआर, दोन्हीकडून लागणारा प्रिंटर.
- त्याच डब्याच्या दुसऱ्या लॅन भोकातून केबल काढून स्वतःच्या राउटरच्या वॅन भोकात (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या).
- घरचे लॅपटॉप आणि फोन फक्त राउटरवर.

आता आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्या नेटवर्कातल्या यंत्राला आतल्या लॅपटॉपपर्यंत स्वतःहून पोचता येत नाही. केबल चुकून राउटरच्या लॅनमध्ये घातली तर ही भिंतच नाहीशी होते, वर दोन्ही डबे पत्ते वाटायला लागून नेट अधूनमधून गायब होतं. दोघांचे पत्ते सारखेच १९२.१६८.१.१ असतील तरीही अडेल. राउटरचा बदलून १९२.१६८.५०.१ करा. बाहेरच्या प्रिंटरला ठरलेला आयपी पत्ता द्या आणि लॅपटॉपवर तो ‘आयपी पत्त्याने’ जोडा, आपोआप शोधायला लावलं तर सापडणार नाही. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायची सवय असेल, तर टीव्ही आणि फोन एकाच नेटवर्कावर हवेत, एवढी तडजोड करावी लागते.

मोठा धोका या मांडणीतही एकच: ऑपरेटरच्या डब्याचं वाय-फाय विसरणं. लोक नव्या राउटरवर सगळं करतात आणि जुन्या डब्याचं वाय-फाय मोबाइल नंबरासकट तसंच चालू. ते बंद करा. जुन्या शहरातल्या वाड्यात जाड दगडी भिंतींमुळे वाय-फाय पुढे नेणारा रिपीटर बसवला असेल तर त्यालाही हेच लागू. त्याचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड असतो, स्वतःचं डब्ल्यूपीएस असतं.

एक्सपीवरचा डिझाइनचा कॉम्प्युटर असेल आणि त्याला नेट लागतच नसेल, तर केबल काढून टाका. पेनड्राइव्ह पुरतो, मात्र तो आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासून घ्या.

७. प्रत्येक कॉम्प्युटरवर काय

*विंडोज १० आणि ११.* नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवा. फाइल शेअर करायची असेल त्याच यंत्रावर, आणि घरच्याच वाय-फायला, ‘प्रायव्हेट’. फायरवॉल चालू. शेअर केलेल्या फोल्डरला ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देऊन पासवर्डाची अट काढू नका. जुना कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून ‘एसएमबी १’ (फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत) चालू करा असा सल्ला हमखास मिळतो. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच जुन्या भागातल्या खोटीतून. विंडोज ७ ला त्याची गरजही नाही, त्याला पुढची आवृत्ती येते. फक्त एक्सपीला लागतं, आणि एक्सपी आपण आधीच बाजूला काढला.

*मॅक.* फायरवॉल मुळात बंद येते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या नेटवर्कात जाऊन चालू करा. ‘शेअरिंग’मधलं नको ते बंद.

*उबुंटू, मिंट.* मिंटमध्ये ‘फायरवॉल’ नावाचं साधं बटण आहे. उबुंटूत टर्मिनलवर ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ (sudo ufw enable). दुरून लॉगिन करण्यासाठी एसएसएच वापरत असाल तर आधी त्याला परवानगी द्या, नाहीतर स्वतःलाच कुलूप लागेल. विंडोज ७ वाला कॉम्प्युटर नुसता ब्राउझिंगला असेल तर त्यावर मिंट टाकणं हाच उत्तम उपाय. टॅली लागत असेल तर नाही.

*प्रिंटर.* वीस अक्षरी पासवर्ड त्याच्या दोन बटणांवर टाकणं जिवावर येतं आणि डब्ल्यूपीएसचा मोह होतो. यूएसबी केबल लावून कंपनीच्या प्रोग्रामातून पासवर्ड द्या. शिवाय प्रिंटर स्वतःचंही ‘डायरेक्ट’ नावाचं वाय-फाय फेकतो, काहींचा पासवर्ड १२३४५६७८ असतो. लागत नसेल तर बंद.

*फोन.* पासवर्ड देण्यासाठीच्या क्यूआर कोडमध्ये तो साध्या अक्षरांत असतो, कोणताही स्कॅनर वाचून दाखवतो. तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. पाहुण्यांना गेस्टचा द्या.

८. झालं का ते पाहा

विंडोजमध्ये वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी टाइप’ बघा. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारा. आयफोन तर फुकटचा परीक्षक आहे: नेटवर्कखाली ‘वीक सिक्युरिटी’ आलं की कुठेतरी टीकेआयपी राहिलंय.

राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीशी तुमची वही ताडून पाहा. अनोळखी नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. घरातला एकेक फोन बंद करा, बहुतेकदा तोच निघतो. सगळे बंद करूनही ते उरलं, तर पासवर्ड बदला. डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, आकडेही बघून ठेवा. ते ऑपरेटरकडून आपोआप आलेले किंवा तुम्ही टाकलेले असावेत. तिसरेच कोणाचे असतील तर राउटरमध्ये कोणीतरी शिरलं होतं असं धरून चाला, ऑपरेटरशी बोलून रीसेट करा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

राउटर मधूनच बंद-चालू होत असेल तर मात्र आधी जागा तपासा. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद कपाटात तो तापतो, कारखान्याजवळ सुताची धूळ जाळीत बसते. तिथे सुरक्षेचा काही संबंध नाही.

भाडेकरू किंवा कामाचा माणूस सोडून गेला की त्याच दिवशी गेस्टचा पासवर्ड बदला. मुख्य नेटवर्क कोणालाच दिलेलं नसल्यामुळे हे पाच मिनिटांचं काम. तुमच्या कनेक्शनवरून पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि राउटर रीसेट करण्याआधी त्याच्या ‘सिस्टिम लॉग’च्या पानाचे फोटो काढून ठेवा. रीसेट केल्यावर तो लॉग परत मिळत नाही.